मुदत टळलेला दावा

भाताचा राब कधीं टाकावा व लावणी केव्हां उरकावी हें आमच्या वाचकांस कोणी शिकवावें लागत नाहीं. वेळ टळली म्हणजे बियाणें उत्तम, खत मुबलक व बैल धडधाकट असूनही पीक हातचें जातें, हा अनुभव प्रत्येकाच्या पदरीं आहे. कोर्टकचेरीच्या कामांतही अशाच वेळा बांधलेल्या आहेत. मात्र त्या आभाळाकडे पाहून कळत नाहींत, आणि ज्यास त्या कळत नाहींत त्याचा खरा हक्कही बुडतो. संघाच्या कित्येक सभासदांनीं या विषयावर सविस्तर लिहावें असें सुचविल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आम्ही वकील नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों, व त्यांतील बरींच वर्षें बारनिशीच्या टेबलावर गेलीं. आलेल्या अर्जाच्या डोक्यावर तारखेचा शिक्का मारून त्याची नोंद करणें, एवढेंच तें काम. परंतु त्या शिक्क्यावरील तारखेनें किती घरांचें बरेंवाईट ठरलें तें आम्हीं समोर बसून पाहिलें आहे. तेव्हां कायद्याचा कीस न पाडतां, शेतकऱ्याच्या वांट्यास ज्या मुदती नेहमीं येतात तेवढ्याच येथें सांगतों. प्रत्यक्ष काम पडेल तेव्हां जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा हें उघडच आहे. पण तो मुदतीच्या आंत घ्यावा म्हणून हा खटाटोप.

तारापूर-चिंचणीकडील एका बागायतदाराची हकीकत प्रथम सांगतों. नांवागांवाचें प्रयोजन नाहीं. त्याच्या वाडीच्या कडेस सुमारें पांच गुंठ्यांचा एक पट्टा होता, त्यांत नारळाचीं सहा झाडें. शेजाऱ्यानें एका पावसाळ्यांत कुंपण दुरुस्त करण्याचें निमित्त करून तारा सरकविल्या व पट्टा आपल्या वाडींत घेतला. आमचा गृहस्थ स्वभावानें सालस. त्यानें आधीं शेजाऱ्याची समजूत घातली, मग गांवांतील चार वडीलधारी माणसें बसविलीं. गणपतींत बोलूं, दिवाळींत बोलूं असें होतां होतां चार महिने लोटले. मग तो पोलिस ठाण्यांत गेला. तेथें हें दिवाणी प्रकरण आहे असें उत्तर मिळालें. मग तलाठ्याकडे अर्ज, मंडळ अधिकाऱ्याकडे अर्ज, शेवटीं मोजणीचा अर्ज. मोजणी झाली, पट्टा त्याचाच निघाला, आणि तो नकाशा उराशीं धरून आमच्या टेबलाशीं आला तेव्हां कुंपण सरकल्यास आठ महिने होऊन गेले होते.

त्याचें म्हणणें खरें, नकाशा खरा, सातबाऱ्यावर नांव त्याचें. तरीही त्याच्या हातून दोन जवळच्या वाटा निसटल्या होत्या व तिसरी, लांबची, तेवढी उरली होती.

कबजा कोणी बळानें काढून घेतल्यास पहिली वाट दोन महिन्यांची. जमिनीच्या वादावरून शांतताभंग होण्याचा संभव असेल, तर कार्यकारी दंडाधिकारी चौकशी करून कबजा कोणाचा तें ठरवूं शकतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत हें १४५ वें कलम होतें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत तें १६४ वें आहे. पोलिसांचा अहवाल किंवा दुसरी खबर दंडाधिकाऱ्यास पोंचण्यापूर्वीं दोन महिन्यांच्या आंत ज्यास बळजबरीनें काढलें असेल, त्याचाच कबजा चालू होता असें समजण्याचा अधिकार त्यास या कलमानें आहे. दोन महिन्यांपूर्वींची बळजबरी त्या हिशेबांत धरीत नाहींत.

दुसरी वाट सहा महिन्यांची, आणि शेतकऱ्यास तीच खरी उपयोगाची. तिला दोन दरवाजे आहेत. एक, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ याच्या ५ व्या कलमाखालीं तहसीलदाराकडे दावा. दुसरा, विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ याच्या ६ व्या कलमाखालीं दिवाणी कोर्टांत दावा. दोहोंतही मालकी कोणाची हा लांबलचक वाद काढावा लागत नाहीं. मी कबजांत होतों व कायद्याच्या मार्गावांचून मला काढलें, एवढें शाबीत झालें कीं कबजा परत मिळतो. तहसीलदाराच्या या कोर्टांत वहिवाटीची वाट अडविली किंवा शेतांतील पाण्याचा ओघ अडविला तरीही दाद मागतां येते. दिवाणी कोर्टाचा दरवाजा मात्र सरकारनें कबजा काढला असल्यास उघडत नाहीं, हें ध्यानांत असावें. दोन्ही ठिकाणीं सहा महिने मोजावयाचे ते कबजा गेल्या दिवसापासून. गांवच्या बैठकीपासून नव्हे, आणि मोजणीचा नकाशा हातीं पडल्यापासून तर नव्हेच.

तिसरी वाट मालकीच्या दाव्याची. मुदतीचा कायदा १९६३, जो १ जानेवारी १९६४ पासून चालू आहे, त्याच्या ६४ व ६५ या अनुच्छेदांप्रमाणें स्थावराच्या कबजासाठीं बारा वर्षांची मुदत आहे. आमच्या बागायतदारानें हाच दावा केला. त्यांत साक्षी झाल्या, मोजणीदार येऊन गेला, तारखा पडल्या. आणि मध्यंतरीं मूळ वादी वारला. त्याच्या मुलांनीं नव्वद दिवसांच्या आंत वारस म्हणून आपलीं नांवें दाव्यांत लावून घेतलीं एवढें बरें झालें, नाहीं तर दावा तेवढ्यावरच पडला असता. आम्ही निवृत्त झालों तेव्हां तो दावा चालूच होता, आणि त्या सहा नारळींचे नारळ शेजारीच उतरवीत होता.

या बारा वर्षांविषयीं आपल्याकडे दोन परस्परविरुद्ध गैरसमज आहेत. एक वर्ग म्हणतो, सातबाऱ्यावर माझें नांव आहे, मग कोण काय करणार? सातबारा हा सारावसुलीसाठीं ठेवलेला कागद आहे. त्यांतील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात हें खरें, पण फेरफारानें मालकी उत्पन्न होत नाहीं व नष्टही होत नाहीं. दुसऱ्यानें उघडपणें, अखंड, आणि ही जमीन माझीच असें तुमच्या तोंडावर म्हणत बारा वर्षें कबजा ठेवला, तर कायद्याच्या २७ व्या कलमानें तुमचा हक्कच मावळतो. केवळ दावा करण्याची सोय जाते असें नव्हे, मालकी जाते. सर्वोच्च न्यायालयानें ७ ऑगस्ट २०१९ रोजीं असेंही ठरविलें कीं, अशा रीतीनें मालकी मिळविलेला मनुष्य आपला बचाव तर करूं शकतोच, पण स्वतः वादी होऊन दावाही आणूं शकतो. जमीन सरकारी असेल तर सरकारला दाव्यास तीस वर्षें मिळतात. १९०८ च्या जुन्या कायद्यांत तीं साठ होतीं.

दुसरा वर्ग म्हणतो, बारा वर्षें कसली कीं जमीन कसणाऱ्याची झाली. हेंही तितकेंच खोटें. कुळानें कुळ म्हणून, गहाणदारानें गहाणदार म्हणून, किंवा कोणी तुमच्या परवानगीनें जमीन वहिवाटली, तर पन्नास वर्षें लोटलीं तरी तेवढ्यानें त्याची मालकी होत नाहीं. भावाभावांत तर हें विशेष लक्षांत ठेवावें. एकत्र कुटुंबाच्या जमिनींत एका भावाचा कबजा तो सर्वांचा कबजा. ज्या दिवशीं त्यानें दुसऱ्यास तुझा हिस्सा नाहीं असें उघड सांगितलें, आणि तें त्या दुसऱ्यास कळलें, त्या दिवसापासून बारा वर्षें चालूं लागतात. मुंबईस नोकरीस गेलेल्या भावांनीं व सासरीं गेलेल्या बहिणींनीं तो दिवस कोणता तें टिपून ठेवावें. आपल्या भागांत असें उत्तर बहुधा एखाद्या लग्नांत किंवा बाराव्याच्या पंगतींत मिळतें, आणि राग आवरून माणसें घरीं जातात. तारीख कोणाच्याच लक्षांत राहत नाहीं.

अज्ञान मुलाची जमीन पालकानें विकली असेल तर ती विक्री रद्द करून घेण्यास त्यास सज्ञान झाल्यापासून तीन वर्षें मिळतात. फसवणुकीनें लिहून घेतलेलें खत रद्द करण्यासही तीनच वर्षें, मात्र तीं फसवणूक कळल्या दिवसापासून. मुदतीचा प्रश्न निघाला कीं कोर्ट पहिल्यानें विचारतें, तुम्हांस केव्हां कळलें? फेरफाराची नोटीस तुमच्या सहीनें घेतलेली असेल तर त्याचें उत्तर त्या सहीखालच्या तारखेनें दिलेलेंच असतें. आम्हीं पुष्कळांस नोटीस न वाचतां सही करतांना पाहिलें आहे.

आतां पैशाच्या देवघेवीकडे वळतों. उसने दिलेले पैसे, वचनचिठ्ठी, विकलेल्या मालाची किंमत, या सर्वांस मुदत तीन वर्षांची. येथें मोठी चूक होते ती अशी: 'मागाल तेव्हां देईन' असें ठरलें असल्यास लोक समजतात कीं आपण मागूं त्या दिवसापासून तीन वर्षें. तसें नाहीं. पैसे दिले त्याच दिवसापासून काळ चालूं होतो. भात, गवत किंवा चिकू व्यापाऱ्यास उधार घातला असेल, तर उधारीची ठराविक मुदत ठरली असल्यास ती संपल्यापासून, आणि कांहीं ठरलें नसल्यास माल पोंचता केल्या दिवसापासून. व्यापारी दरवर्षीं 'पुढच्या हंगामांत सगळें एकदम देतों' असें सांगतो. तोंडच्या अशा तीन वायद्यांत तीन वर्षें संपतात.

मुदत पुन्हां नवी कशी होते हेंही याच ठिकाणीं सांगितलें पाहिजे. तीन वर्षें संपण्याच्या आंत ऋणकोनें देणें कबूल असल्याचें लिहून त्याखालीं सही केली, तर सहीच्या दिवसापासून पुनः तीन वर्षें मिळतात. त्यानें मुदतींत कांहीं रक्कम फेडली व त्याची नोंद त्याच्या हातची किंवा सहीची असली, तरीही तसेंच. नोंद आपल्याच वहींत आपल्याच अक्षरांत असल्यास तिचा या कामीं उपयोग नाहीं. मुदत उलटून गेल्यावर मात्र नुसती कबुली पुरत नाहीं. मग 'हें जुनें देणें मी फेडीन' असें स्पष्ट वचन लेखी व सहीनिशीं लागतें, तें करार कायद्याच्या २५ व्या कलमानें नवा करार म्हणून चालतें. आणि वकिलाची नोटीस पाठविली म्हणजे काळ थांबला, ही समजूत तर अनेकांस भोंवली आहे. नोटिशीनें काळ थांबत नाहीं. सरकारवर दावा करण्यापूर्वीं दोन महिन्यांची जी नोटीस द्यावीच लागते, तेवढ्या नोटिशीचाच काळ वजा मिळतो.

ही तीन वर्षांची मुदत आपल्या महाराष्ट्रांत एकदां मोठ्या अनर्थास कारण झाली होती, व ती हकीकत शेतकऱ्याच्या मासिकांत येणें योग्य आहे. सन १८५९ च्या कायद्यानें साध्या कर्जरोख्यांची मुदत तीन वर्षें केली. सावकारानें जुनेपुराणे रोखे काढून कुळास नाडूं नये हा त्यांतील हेतु. परंतु दख्खनच्या सावकारानें त्यास वेगळेंच वळण दिलें. तीन वर्षें भरण्यापूर्वीं तो कुणब्यास बोलावून म्हणे, नवा रोखा लिहून दे, नाहीं तर दावा लावतों. नव्या रोख्यांत मागील व्याज मुद्दलांत मिळविलें जाई, आणि पुढील व्याज त्या फुगलेल्या मुद्दलावर चाले. अशा दोन-तीन फेऱ्यांत मूळच्या थोडक्या रुपयांचे शेंकडों होत व शेवटीं जमीन सावकाराच्या नांवावर चढे. कुणब्याच्या रक्षणासाठीं केलेली मुदतच त्याच्या गळ्याशीं आली. पुढें कापसाचे भाव कोसळले, साऱ्याची आकारणी वाढली, आणि १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं दंगा उसळला. पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत तो पसरला. दंगेखोरांचा रोख माणसांवर फारसा नव्हता, कागदांवर होता. रोखे व हुकूमनामे हुडकून त्यांनीं जाळले. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस साह्य करण्याचा कायदा झाला. त्यांत शेतकऱ्यावरील दाव्यांची मुदत वाढविली: नोंदलेल्या दस्तास बारा वर्षें, इतरांस सहा. शिवाय रोख्यामागचा सगळा हिशेब उकलून पाहण्याचा अधिकार कोर्टास मिळाला. तो कायदा आज राहिला नाहीं व मुदत पुनः तीन वर्षांवर आली आहे. पण मुदत लांबविल्यानें ऋणकोचें हित कसें साधूं शकतें याचें हें उदाहरण विचार करण्याजोगें आहे. नवा रोखा लिहून देतांना मागील हिशेब मांडून घेतल्यावांचून सही करूं नये, हें आम्हीं आमच्या वडिलांकडून ऐकलें होतें.

सावकाराकडे गेलेल्या जमिनीविषयीं आतां दोन गोष्टी आहेत. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ याच्या १८ व्या कलमाखालीं, सावकारीच्या व्यवहारांत सावकाराच्या ताब्यांत गेलेली जमीन परत मिळण्यासाठीं सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करतां येतो. जमीन ताब्यांत गेल्याला अर्जाच्या दिवशीं पंधरा वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा. खरेदीखत झालें असलें तरी तें कर्जापोटीं होतें असें दिसल्यास चौकशी होते. दुसरी गोष्ट गहाणाची. गहाण सोडविण्यास १९०८ च्या कायद्यांत साठ वर्षें होतीं, १९६३ च्या कायद्यांत तीस झालीं. मात्र कबजेगहाणांत, म्हणजे गहाणदारानें जमीन कसून उत्पन्न घ्यावयाचें अशा व्यवहारांत, हीं तीस वर्षें खत लिहिल्या दिवसापासून मोजावयाचीं नाहींत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निर्णय आहे. गहाणाचे पैसे फिटले, दिले किंवा कोर्टांत भरले म्हणजे तेथून काळ चालूं होतो. तेव्हां आजोबांनीं लावलेलें कबजेगहाण जुनें झालें म्हणून सोडून देऊं नये. तें खत एकदां वकिलास दाखवावें.

आमच्या पालघर तालुक्यास, विशेषतः तारापूर-बोईसर भागास, ज्या मुदतींचा सर्वांत जवळून संबंध आला आहे त्या भूसंपादनाच्या होत. अणुविद्युत् केंद्राचे पहिले दोन संच १९६९ मध्यें सुरू झाले. पुढें तिसऱ्या व चौथ्या संचांच्या वेळीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठलीं. बोईसरची औद्योगिक वसाहत झाली, रेल्वेचा मालवाहतूक मार्ग आला, मुंबई-वडोदरा द्रुतगति मार्ग, बुलेट ट्रेन, आणि वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली. जमीन द्यावी कीं न द्यावी, प्रकल्प चांगला कीं वाईट, या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. पण ज्याची जमीन जाते त्यानें कोणत्या दिवसांत काय करावें हें त्यास ठाऊक नसतें, आणि मोर्चाच्या गडबडींत अर्जाचा दिवस निघून जातो, हें आम्हीं पाहिलें आहे.

अधिसूचना आली कीं प्रथम तिच्या मथळ्यावर कोणता कायदा लिहिला आहे तें पाहावें, कारण प्रत्येकाची मुदत निराळी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालीं हरकत देण्यास साठ दिवस. रेल्वे कायद्याखालीं तीस. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालीं अवघे एकवीस. निवाडा झाल्यावर मोबदला कमी वाटला तर २०१३ च्या कायद्याच्या ६४ व्या कलमाप्रमाणें प्रकरण वरच्या प्राधिकरणाकडे पाठविण्याचा अर्ज करावयाचा. निवाड्याच्या वेळीं आपण हजर असलों तर त्या तारखेपासून सहा आठवडे. हजर नसलों तर जिल्हाधिकाऱ्याची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकीं जें आधीं संपेल तें. सबळ कारण दाखविल्यास पुढें एक वर्षापर्यंत अर्ज घेण्याची मुभा जिल्हाधिकाऱ्यास आहे. ती मुभा आहे, आपला हक्क नव्हे.

मुदतीइतकीच एक दुसरी गोष्ट आहे. मोबदल्याची रक्कम घेतांना पावतीवर 'हरकत राखून' असे शब्द लिहिले नसतील, तर वाढीव मोबदल्याचा अर्ज मुदतींत असूनही चालत नाहीं. १८९४ च्या कायद्यांत हेंच होतें, २०१३ च्या कायद्यांतही आहे. आमच्या टेबलासमोर एका वृद्ध गृहस्थानें मोठ्या समाधानानें सही केली व 'आतां दर वाढवून मागण्याचा अर्ज कोठें द्यावयाचा?' असें विचारलें, तेव्हां आम्हांस काय उत्तर द्यावें तें सुचेना. पावती आंत जाऊन पोंचली होती. दोन शब्द लिहिण्यास त्यास कोणी सांगितलें नव्हतें. सांगणें आमचें काम नव्हतें असें त्या वेळीं वाटलें, आणि तें आज खटकतें.

ज्यानें मुळींच अर्ज केला नाहीं त्यासही एक संधि राहते. त्याच अधिसूचनेखालील दुसऱ्या खातेदारास वरून वाढीव दर मिळाला, तर त्या निर्णयापासून तीन महिन्यांच्या आंत आपणांसही तोच दर मिळावा असा अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे करतां येतो; निर्णयाची नक्कल मिळण्यास लागलेले दिवस वजा होतात. म्हणून शेजाऱ्याच्या मोबदल्याचें प्रकरण कोठें चाललें आहे यावर नजर असावी. आणि कोणतेंही संपादन न करतां सरकारनें रस्त्यासाठीं जमीन घेतली असेल, तर फार दिवस झाले म्हणून निराश होऊं नये. हिमाचल प्रदेशांतील विद्यादेवी नांवाच्या वृद्ध बाईची जमीन १९६७-६८ मध्यें अशीच रस्त्यांत गेली होती. सर्वोच्च न्यायालयानें ८ जानेवारी २०२० रोजीं, सरकारास स्वतःच्या प्रजेविरुद्ध कबजानें मालकी सांगतां येत नाहीं व विलंबाची सबबही पुढें करतां येत नाहीं असें म्हणून तिला मोबदला देवविला.

महसुली कामांविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण तें आमच्या रोजच्या परिचयाचें. जमीन महसूल संहिता १९६६ याप्रमाणें खरेदी, वारसा वगैरेनें हक्क मिळाल्यास तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास कळवावें. जिल्हाधिकाऱ्याहून कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हुकमावर अपील साठ दिवसांत, इतर बाबतींत नव्वद दिवसांत. बांधावरच्या रस्त्यासंबंधीं तहसीलदाराचा निर्णय मान्य नसेल तर एक वर्षाच्या आंत दिवाणी दावा. वीस वर्षें उघडपणें वापरलेली वाट कोणी अडविली तर वहिवाटीचा हक्क सांगण्यासाठीं अडविल्यापासून दोन वर्षांच्या आंत कोर्टांत जावें. अडथळा मुकाट्यानें सोसून पुढें वीस वर्षांची साक्ष आणली तरी ती फुकट जाते. बियाणें उगवलें नाहीं किंवा पंप निकामी निघाला, तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार. शेतकरी हाही ग्राहक आहे असें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ मध्यें बियाण्यांच्या प्रकरणांत स्पष्ट केलें आहे. पिशवी, तिच्यावरची चिठ्ठी व बिल तोंवर उंदरांपासून सांभाळावें.

फौजदारीचा प्रकार निराळा. १८९८ च्या संहितेंत गुन्ह्यांस सर्वसाधारण मुदत नव्हती. ती १९७३ च्या संहितेनें आणली व आतांच्या संहितेंत ५१४ व्या कलमांत ती तशीच आहे. केवळ दंडाच्या गुन्ह्यास सहा महिने, एक वर्षापर्यंत कैदेच्या गुन्ह्यास एक वर्ष, एकाहून अधिक व तीन वर्षांपर्यंत कैदेच्या गुन्ह्यास तीन वर्षें. त्याहून मोठ्या गुन्ह्यांस मुदत नाहीं. म्हणजे शेतांत बेकायदा शिरणें किंवा साधी मारहाण यांस एक वर्ष. साधी चोरी तीन वर्षें. पण शेतीचें पाणी तोडणें, बैल मारणें किंवा जायबंदी करणें, खोटें खरेदीखत बनविणें यांस काळाचा अडसर नाहीं, कारण त्यांची शिक्षा तीन वर्षांहून अधिक. गुन्हा किंवा गुन्हेगार आधीं ठाऊक नसेल तर तें कळल्या दिवसापासून काळ मोजतात. फिर्याद दाखल झाल्याचा किंवा पोलिसांत खबर नोंदल्याचा दिवस हाच महत्त्वाचा. कोर्टानें पुढें केव्हां दखल घेतली याच्याशीं फिर्यादीस कर्तव्य नाहीं. न्यायाच्या दृष्टीनें जरूर वाटल्यास दंडाधिकारी उशीर माफही करूं शकतो. तथापि मुदत नसलेल्या गुन्ह्यांतही उशिरानें दिलेल्या खबरीकडे कोर्ट संशयानें पाहतें, आणि तोंवर बांधावरचीं पाउलें पावसानें धुतलेलीं असतात.

व्यापाऱ्याचा चेक परत आला तर मुदतींची एक सांखळीच लागते, व तिचा एक दुवा निसटला कीं सगळें गेलें. चेक त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांत बँकेंत घातला पाहिजे. समजा, तो न वटल्याचा कागद बँकेकडून १० जानेवारीस मिळाला. तर लेखी मागणीची नोटीस तीस दिवसांत, म्हणजे ९ फेब्रुवारीपर्यंत गेली पाहिजे. व्यापाऱ्यास ती १२ फेब्रुवारीस मिळाली. पैसे देण्यास त्याला पंधरा दिवस, ते २७ फेब्रुवारीस संपले. आतां एक महिन्याच्या आंत फिर्याद. २७ मार्चपर्यंत ती दाखल केली म्हणजे शंकेस जागा नाहीं. त्याआधीं, पंधरा दिवस पुरे होण्यापूर्वीं केलेली फिर्यादही चालत नाहीं, हें घाई करणारांनीं ध्यानांत घ्यावें.

उशीर माफ करून घेतां येतो असें ऐकून पुष्कळ जण निर्धास्त राहतात. कायद्याच्या ५ व्या कलमानें सबळ कारण दाखविल्यास अपिलास व अर्जास उशीर माफ होतो. मूळ दाव्यास तें कलम लागूच नाहीं. तीन वर्षांचा दावा तीन वर्षें व एका दिवसानें आणला, तर प्रतिवादीनें हरकत घेतली नाहीं तरी कोर्टास तो फेटाळावाच लागतो. करोनाच्या सांथींत मात्र सर्वोच्च न्यायालयानें १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सर्व काळ मुदतींतून वगळला. त्या वर्षांतील व्यवहार ज्यांचे असतील त्यांनीं हिशेब करतांना हा काळ जरूर वजा धरावा. आमच्या ओळखीच्या एकाचें येणें त्यामुळेंच वांचलें.

दिवस मोजण्याची रीत अशी: ज्या दिवशीं कारण घडलें किंवा हुकूम झाला तो दिवस धरूं नये, दुसऱ्या दिवसापासून मोजावें. शेवटचा दिवस सुटीचा असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशीं काम चालतें. अपिलासाठीं हुकमाची नक्कल लागते, आणि नक्कल मिळण्यास जितका काळ लागला तितका वजा मिळतो. परंतु हें वजा मिळण्यास नकलेचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीं केलेला असला पाहिजे, आणि त्या अर्जाची व नक्कल तयार झाल्याची अशा दोन्ही तारखा नकलेवर लिहिलेल्या असाव्या लागतात. नक्कल हातीं घेतांना खिडकीशींच त्या तारखा वाचून पाहाव्या. कोऱ्या राहिल्या असतील तर तेथल्या तेथें भरून घ्याव्या, कारण घरीं गेल्यावर त्या कोणी भरून देत नाहीं.